चेहऱ्याला उसंत

साध्या पाण्यानं चेहरा झोंबला, त्या सकाळी मी खरी घाबरले. फेसवॉश नाही, मलम नाही, नुसतं नळाचं पाणी. ओंजळभर पाणी गालांवर मारलं आणि खरचटलेल्या गुडघ्यावर पडावं तशी आग झाली. आरशात पाहिलं तर नाकाच्या दोन्ही बाजूंची कातडी चकचकीत आणि ताणलेली दिसत होती, तोंडाच्या कोपऱ्यांपाशी बारीक भेगा पडल्या होत्या. बोलताना तिथे ओढ बसायची. मुरूम तर होतेच, आधीपेक्षा चार जास्तच. पण चेहऱ्यावर जे दुखतंय त्यातलं बरंचसं माझ्याच उपचारांनी ओढवून घेतलेलं आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

मला मुरूम आले सव्विसाव्या वर्षी. शाळा-कॉलेजात एखाददुसरी पुटकुळी यायची आणि जायची, त्यामुळे हे वय सरलं असं मी धरून चालले होते. मग जबड्याच्या कडेनं, हनुवटीवर आणि गालांच्या खालच्या भागात सुरू झालं. काही नुसते कातडीखालचे बारीक दाणे, काही लालबुंद आणि ठणकणारे. कुशीवर झोपलं की उशीसुद्धा टोचायची. कुणाशी बोलताना समोरच्याची नजर डोळ्यांवरून हनुवटीकडे घसरते का, हे मी बघत बसायचे. असं वाटणारी मी एकटी नव्हे, हे आता माहीत आहे. तेव्हा मात्र आरशासमोर फार एकटं वाटायचं.

मग मी मिळेल ते करत सुटले. दिवसातून चार वेळा फेसवॉश. दाणेदार स्क्रब. त्यावर सॅलिसिलिक ॲसिडचं टोनर. रात्री १० टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल, तेही मुरमापुरतं नाही, पूर्ण चेहऱ्याला. कुणी सांगितलं म्हणून दोनदा टूथपेस्ट लावली, एकदा लिंबाचा रस. मॉइश्चरायझर पूर्ण बंद केलं, कारण चेहरा आधीच तेलकट, त्यात आणखी क्रीम कशाला? चेहरा सुकवला की मुरूमही सुकतील, एवढा साधा हिशेब होता माझा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती पाण्याची सकाळ उजाडली.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना मी सगळ्या बाटल्या आणि ट्यूबा एका पिशवीत भरून नेल्या. डॉक्टरांनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीवरची टक्केवारी मोठ्यानं वाचली. मग म्हणाल्या, "यातलं बरंचसं मुरमांवर चालतं. पण तुम्ही सगळं एकाच वेळी लावलंत, आणि त्वचेला सावरायला एक रात्रही दिली नाहीत." टूथपेस्ट आणि लिंबाचं ऐकून त्यांनी मान हलवली. लिंबाचा रस इतका आम्ल असतो की कातडी सोलवटते, आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग उठू शकतात. टूथपेस्टनं तर माझ्या हनुवटीवर एक चट्टाच उठला होता, तो त्यांनी लगेच ओळखला.

चिठ्ठीवर औषध काहीच नव्हतं. तीन आठवडे फक्त तीन गोष्टी: सौम्य, साबणरहित क्लीन्झर दिवसातून दोनदा, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि सकाळी सनस्क्रीन. बाकी सगळं बंद. मुरमांचं काय, असं मी विचारलं. "आधी आग शमू दे. जळलेल्या कातडीवर कुठलंच औषध टिकणार नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी जे समजावलं ते मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवलं, कारण पुढच्या सगळ्याचा आधार तोच होता. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल अशा स्निग्ध द्रव्यांचा गिलावा. ही भिंत आतलं पाणी आत ठेवते आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ बाहेर. तिचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, साधारण ५ पीएचच्या आसपास (पीएच सातच्या खाली म्हणजे आम्ल, वर म्हणजे त्याच्या उलट, अल्कली). नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. दिवसातून चार वेळा तो फासला, वर स्क्रबनं घासलं, की गिलावा धुऊन जातो. मग पाणीसुद्धा झोंबतं.

मुरूम वेगळ्याच जागी जन्मतो, कातडीच्या आत, केसाच्या मुळाशी. तिथल्या तेलग्रंथी शरीरातल्या हार्मोनच्या इशाऱ्यावर जास्त तेल करतात. रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी नीट गळून पडत नाहीत, एकमेकींना चिकटून बूच तयार होतं. आत तेल साचतं, त्यावर एक जिवाणू वाढतो (याचं नाव २०१६ मध्ये बदलून क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस केलं, आधी तो प्रोपिओनिबॅक्टेरियम होता), आणि शरीर त्याच्याशी भांडायला लागलं की लाली, सूज, पू. यातलं काहीच मळामुळे होत नाही. मी चेहरा घासत होते ते वरून, आणि बूच होतं आत. शिवाय आज दिसणाऱ्या मुरमाची सुरुवात काही आठवड्यांपूर्वी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक बुचापासून झालेली असते. रात्री औषध लावून सकाळी आरशात निकाल शोधणं व्यर्थ असतं, ते यासाठी.

ते तीन आठवडे मला सर्वांत कठीण गेले. हात नुसते शिवशिवायचे. काहीतरी करायला हवं, काहीतरी लावायला हवं असं सारखं वाटायचं. पहिल्या आठवड्यात मॉइश्चरायझरसुद्धा चुरचुरायचं, अर्धा मिनिट डोळे मिटून उभी राहायचे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तोंडाच्या कोपऱ्यातल्या भेगा मिटल्या. चौदाव्या की पंधराव्या दिवशी चेहरा धुताना आपण दात आवळलेले नाहीत, हे माझं मलाच जाणवलं. आणखी एक गोष्ट अशी की काही न करता लाल मुरूम थोडे निवळले. कमी झाले असं म्हणणार नाही, पण प्रत्येक मुरमाभोवती जे लाल वर्तुळ होतं ते आकसलं. ते वर्तुळ मुरमाचं कमी आणि माझ्या स्क्रबचं जास्त होतं.

तिसऱ्या आठवड्यानंतर औषध सुरू झालं, एकच. ॲडापलीन ०.१ टक्के जेल. हे रेटिनॉइड गटातलं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या नात्यातलं. याच गटातलं ट्रेटिनॉइन १९७१ पासून मुरमांवर वापरात आहे. ॲडापलीन नंतरचं आणि कातडीला तुलनेनं सोसणारं. ते आतलं बूचच तयार होऊ देत नाही. म्हणून ते मुरमावर ठिपका देऊन लावायचं नसतं, मुरूम येतात त्या सगळ्या भागावर लावायचं असतं. अर्थात मी रोज, चोपडून लावायला तयारच होते. डॉक्टरांनी त्यांच्या टेबलावरच्या कागदावर पेननं एक टिंब काढलं, वाटाण्याएवढं, आणि म्हणाल्या, "पूर्ण चेहऱ्याला एवढंच. आठवड्यातून दोन रात्री. सोसलं तर तीन."

या वाटाण्याएवढ्या थेंबाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझं सगळं यानंच वाचवलं. चेहरा धुतल्यावर मी टिपून घ्यायचे, पुसायचे नाही. मग वीस मिनिटं थांबायचे, कारण ओल्या कातडीत औषध जास्त शिरतं आणि जास्त झोंबतं. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे, या तीन ठिकाणी व्हॅसलीनचा पातळ हात. औषध फिरत फिरत नेमकं तिथे जाऊन साचतं आणि तिथली कातडी सर्वांत पातळ. त्यानंतर सगळीकडे मॉइश्चरायझर, आणि त्यावर जेल. थेंबाचे बोटावर पाच भाग करायचे: कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी. प्रत्येक भाग बोटाच्या टोकानं पसरवायचा. पसरवल्यावर कातडीवर काही दिसतही नाही, आणि तेव्हा हात पुन्हा ट्यूबकडे जातो. तिथेच थांबायचं. जास्त लावल्यानं मुरूम लवकर जात नाहीत, फक्त साल जास्त निघते.

औषधाच्या तिसऱ्या आठवड्यात साल निघालीच. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर बारीक पापुद्रे सुटले, आणि नवे दाणे एकदम वर आले. मला रडू कोसळलं. पुन्हा तेच सुरू झालं असं वाटलं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तीन प्रश्न विचारले: आग होते का, की नुसते पापुद्रे? पापण्या किंवा ओठ सुजलेत का? मुरूम नेहमीच्या जागीच आलेत, की कधी न आलेल्या जागी? माझी उत्तरं होती, नुसते पापुद्रे, सूज नाही, जागा नेहमीच्याच. मग त्या म्हणाल्या की रेटिनॉइडनं पेशींची उलाढाल वाढते, आत दबलेले दाणे लवकर वर येतात, पहिले काही आठवडे असं चालतं. दोन रात्री सोडायच्या, मॉइश्चरायझर दोनदा लावायचं आणि पुन्हा सुरू करायचं. सूज किंवा पुरळ असती तर ती ॲलर्जी मानून सगळं थांबवावं लागलं असतं. त्रास आणि ॲलर्जी यांतला हा फरक मला तेव्हा फार धीर देऊन गेला. त्रास असेल तर पावलं हळू टाकायची. ॲलर्जी असेल तर ती वाटच सोडायची. आणि चेहरा, जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर त्वचारोगतज्ज्ञांच्या वेळेची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

सहाव्या आठवड्यात दुसरं औषध जोडलं, आणि ते होतं माझं जुनंच बेन्झॉइल पेरॉक्साइड. फक्त १० टक्के नव्हे, २.५ टक्के. मला पटेना. कमी ताकदीचं का? त्यांनी सांगितलं की १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २.५ टक्के, ५ टक्के आणि १० टक्के जेल तोलून पाहिलं, तर लाल मुरूम कमी करण्यात २.५ टक्के बाकीच्या दोघांच्या तोडीचं निघालं, आणि १० टक्क्यांपेक्षा कातडी सोलवटणं, लाली, आग मात्र कमी. म्हणजे मी दीड महिना जो जाळ सोसला त्यातून जास्तीचं काहीच मिळालं नव्हतं. हे ऐकून मला राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. नळीवर मोठा आकडा दिसला की माणूस तीच उचलतो, आणि तो आकडा कातडीला काय करतो हे उचलताना कुणी सांगत नाही.

लावायची पद्धतही वेगळी सांगितली. सकाळी ओल्या चेहऱ्याला मुरमांच्या भागावर लावायचं, तीन-चार मिनिटं ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. एवढ्या वेळातही ते जिवाणूंवर काम करतं आणि दिवसभर कातडीवर बसून राहत नाही. याची एक मोठी जमेची बाजू म्हणजे प्रतिजैविकांना जिवाणू सरावतात तसे ते याला सरावत नाहीत. तोटाही सांगते: कापडाचा रंग उडतो. माझ्या निळ्या टॉवेलवर पंधरा दिवसांत फिकट नारिंगी डाग पडले, उशीच्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा एक ढग उमटला. तेव्हापासून चेहऱ्यासाठी पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा. कपाळावरच्या केसांनाही लागू द्यायचं नाही, त्यांचाही रंग उतरतो.

मधल्या काळात एकदा गोळ्याही घेतल्या. जबड्याच्या कडेचे दोन मोठे, खोल मुरूम ठणकायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. आधी विचारलं की गरोदर नाही ना, कारण तेव्हा ते चालत नाही. मुदत आधीच ठरवून दिली होती, जास्तीत जास्त तीन महिने, आणि सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड चालूच. नुसतं प्रतिजैविक लांबवत राहिलं की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. "पेलाभर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर अर्धा तास आडवं होऊ नका," असं त्यांनी बजावलं होतं. एका रात्री दमले होते, घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळली आणि लगेच पडले. पहाटे छातीच्या मध्यभागी अशी कळ आली की थुंकी गिळता येईना. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथलं अस्तर पोळलं होतं. चार दिवस गार, पातळ पदार्थांवर काढले. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि दुखणं जाईपर्यंत पुन्हा सुरू केल्या नाहीत. पुढे मी ती सकाळीच, उभ्यानं, पूर्ण पेला पाण्याबरोबर घेत असे. या गोळीनं ऊनही लवकर लागतं, तेव्हा सनस्क्रीनला सुट्टी नव्हतीच.

सनस्क्रीन मला आधी नुसता सोपस्कार वाटायचा. पण माझ्या सावळ्या कातडीला मुरमापेक्षा त्याच्या मागे राहणारा काळा डाग जास्त छळतो. मुरूम पंधरा दिवसांत बसतो, डाग सहा महिने बसून राहतो. आणि उन्हात तो आणखी गडद होतो. एसपीएफ ३०च्या वर, दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहऱ्याला आणि मानेला, बाहेर असेन तर दर दोन तासांनी. साधं पांढरं सनस्क्रीन लावून चार महिने झाले तरी गालावरचे डाग ढिम्म हलेनात. मग आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन सुचवलं गेलं. डाग गडद करण्यात नुसते अतिनील किरण नसतात, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही असतो, आणि त्याला हे रंगद्रव्य अडवतं. फरक पडला. लख्ख काही झालं नाही, पण कडा विरायला लागल्या.

डागांसाठीच पुढे ॲझेलिक ॲसिड १५ टक्के आलं. ते मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतं. पहिले दहा दिवस लावल्यावर मुंग्या चावल्यासारखी खाज यायची, पंधरा मिनिटांत थांबायची. ती खाज मी सोसली, कारण ती रोज थोडी थोडी कमी होत होती. इथे मी स्वतःला लावलेला नियम सांगते: एका वेळी एकच नवी गोष्ट, आधी जबड्याखाली रुपयाएवढ्या जागेवर तीन रात्री, मग चेहऱ्यावर, आणि पुढची गोष्ट निदान चार आठवड्यांनी. हा नियम नसता तर खाज कशाची, साल कशानं निघाली, काहीच कळलं नसतं. पिशवीभर बाटल्यांच्या दिवसांत नेमकं हेच झालं होतं.

एक मोह मात्र मी वेळेत टाळला, आणि तो ताईमुळे. ओळखीतल्या एकीनं मला एक क्रीम दिलं. म्हणे आठ दिवसांत चेहरा स्वच्छ होतो. तिचा झालाही होता. मी ताईला दाखवलं. तिनं डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "यात स्टेरॉइड आहे, तुला कुणी लिहून दिलंय का?" मी नाही म्हटलं. "मग हे परत कर." स्टेरॉइडनं सूज आणि लाली पटकन उतरते, म्हणून पहिले काही दिवस जादू वाटते. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसायला लागतात, अंगावर नसलेले केस चेहऱ्यावर उगवतात, आणि थांबवलं की मुरूम दुपटीनं उसळतात. मग माणूस पुन्हा तेच क्रीम शोधतो. ते देणाऱ्या मैत्रिणीचं नेमकं असंच झालं. आज ती त्याच त्वचारोगतज्ज्ञांकडे ते क्रीम सोडवण्याचे उपचार घेते आहे, आणि त्याला माझ्या मुरमांपेक्षा जास्त महिने लागले आहेत. नाव माहीत नसलेलं, घटक न लिहिलेलं, आठ दिवसांची हमी देणारं क्रीम कुणी कितीही मायेनं दिलं तरी लावू नका, हे मी हात जोडून सांगते.

माझे मुरूम पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढायचे. पाळी अनियमित आहे का, हनुवटीवर जाड केस येतात का, हे डॉक्टरांनी विचारलं आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. माझ्या तपासण्या ठीक निघाल्या. ज्यांच्या निघत नाहीत त्यांना वरच्या मलमांनी पुरेसं होत नाही, हार्मोनवरचे उपचार वेगळे असतात. आहाराबद्दलही विचारलं. एखादा पदार्थ खाल्ला की मुरूम येतो इतकं सरळ ते नसतं. रक्तातली साखर झपाट्यानं चढवणारं खाणं कमी केल्यावर काहींना फायदा होतो, काहींना दुधानं वाढतात. मी साखर कमी केली. त्यानं किती फरक पडला हे वेगळं काढून दाखवता येणार नाही, कारण त्याच काळात ॲडापलीनही चालू होतं.

आयसोट्रेटिनॉइनची गोळी मी मागितली होती. १९८२ पासून वापरात असलेलं, खोल आणि व्रण पाडणाऱ्या मुरमांवरचं सर्वांत प्रभावी औषध. ज्यांना ते लागतं त्यांनी घाबरून नाकारू नये, कारण व्रण पडू देणं हाही दुष्परिणामच, उपचार न केल्याचा. पण ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात, रक्तातली चरबी आणि यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात, त्यामुळे गरोदरपण कटाक्षानं टाळावं लागतं. माझ्या मुरमांना तेवढी गरज नव्हती. डॉक्टरांनी नाही म्हटलं आणि कारण समजावून सांगितलं.

दर रविवारी सकाळी त्याच खिडकीपाशी, त्याच बाजूनं, मी तीन फोटो काढायचे: समोरून, डावा गाल, उजवा गाल. मधल्या दिवसांत फोटो बंद. आरशात रोज चेहरा सारखाच दिसायचा, काही दिवस आदल्या दिवसापेक्षा वाईट. बाराव्या आठवड्याचा फोटो पहिल्याच्या शेजारी ठेवला तेव्हा डाव्या जबड्यावरचे लाल मुरूम मी मोजले: अकराचे तीन झाले होते. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की बारा आठवड्यांआधी औषधाचा निवाडा करायचा नाही. चौथ्या, सातव्या, नवव्या आठवड्यात मी तीन वेळा सगळं सोडायला निघाले होते. फोटो नसते तर सोडलंही असतं.

हाताची सवय सुटायला सर्वांत जास्त वेळ लागला. विचारात असले की बोटं आपोआप हनुवटीवर फिरायची, दाणा सापडला की नखं लागायची. उजव्या गालावर जे दोन खड्डे आहेत ते मी स्वतः दाबून फोडलेल्या मुरमांचे आहेत, ते कुठल्याही मलमानं भरले नाहीत. आता एखादा मुरूम तोंडाशी आला की त्यावर हायड्रोकोलॉइडची छोटी गोल चकती चिकटवते. ती द्रव शोषून घेते, पण मुख्य म्हणजे बोट तिथे पोचत नाही. सकाळी चकती पांढरी फुगलेली असते, खालचा मुरूम बसलेला.

वर्ष झाल्यावर चेहरा शांत होता आणि मला वाटलं, आता पुरे. कुणाला न विचारता ॲडापलीन बंद केलं. दोन महिने काहीच झालं नाही. नवव्या आठवड्यात कपाळाला हात लावला तर बोटांखाली खरखर लागली, तांदळाच्या कण्यांसारखी, आरशात न दिसणारी. बुचं पुन्हा तयार होत होती. डॉक्टर रागावल्या नाहीत. मुरूम गेल्यावरही हे आठवड्यातून काही रात्री चालू ठेवावं लागतं, तेवढ्यानं धरून राहतं, असं म्हणाल्या. मूल हवं असं ठरलं की मात्र आधी सांगायचं. तेव्हा रेटिनॉइड बंद आणि ॲझेलिक ॲसिड चालू, कारण ते गरोदरपणात चालतं.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आठवड्यातून दोन रात्री, मॉइश्चरायझरवर, वाटाण्याएवढं. खरखर जायला दहा आठवडे लागले. या वेळी साल जवळजवळ निघालीच नाही. सध्या बुधवार आणि शनिवार हे माझे ॲडापलीनचे वार आहेत. पाळीच्या आधी हनुवटीवर एखादा मुरूम अजून येतो. त्यावर चकती लावते आणि झोपते.